न वाजवता घेतलेले नाणे

चांदीचा रुपया चलनात होता तेव्हा पेढीवर आलेला प्रत्येक रुपया सराफ दगडावर आपटून ऐके. अस्सल चांदीचा नाद लांबवर घुमतो. शिसे किंवा जस्त मिसळलेले नाणे बद्द आवाज करून गप्प होते. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग मराठीत या रीतीतूनच रुजला. आज छंद म्हणून जुनी नाणी आणि नोटा गोळा करणाऱ्यांचा बाजार मोबाइलवर भरतो. तेथे नाण्याच्या जागी छायाचित्र असते, विक्रेत्याच्या जागी फोन क्रमांक आणि पेढीच्या जागी क्यूआर कोड. वाजवून पाहण्याची सोयच या बाजारात नाही. त्यामुळे त्या एका नादाचे काम इतर अनेक खुणांकडून करून घ्यावे लागते. त्यांतल्या काही खुणा नाण्याच्या आहेत, काही पैशाच्या व्यवहाराच्या आणि काही कायद्याच्या.

देऊळगाव राजाच्या डब्यांतली नाणी

बुलढाणा जिल्ह्यातले देऊळगाव राजा हे बालाजीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा जवळच आहे आणि जालना साधारण तीस किलोमीटरवर. गाव वऱ्हाडच्या कडेला वसलेले. पलीकडे मराठवाडा लागतो. या जागेमुळे इथल्या जुन्या घरांतल्या देव्हाऱ्यात, कोनाड्यात किंवा आजीच्या पितळी डब्यात अनेक राजवटींची नाणी एकत्र सापडू शकतात. सिंदखेडचे जाधवराव निजामशाहीचे मातब्बर सरदार होते. निजामशाहीनंतर मुघल आले, त्यांच्या मागोमाग हैदराबादचे आसफजाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, जालना मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले. म्हणून एकाच डब्यात राणीछाप रुपया, निजामाचा चारमिनार असलेला हाली शिक्का, तांब्याची शिवराई आणि भोकाचा पैसा असे सगळे निघाले तर त्यात नवल नाही.

असा डबा उघडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याचे किती येतील? पूर्वी हे विचारायला सराफाकडे जावे लागे आणि तो वजनावर बट्टा धरून मोड देई. आता घरबसल्या छायाचित्र टाकता येते. ओएलएक्स, क्विकर, फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या सर्वसाधारण बाजारांबरोबर फक्त नाण्या-नोटांची संकेतस्थळे आहेत, मुंबईच्या टोडीवाला ऑक्शन्ससारखी लिलावगृहे इंटरनेटवरूनही बोली घेतात, शिवाय व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर संग्राहकांचे गट आहेत. लहान गावातल्या छांदिष्टाला या सोयीने मोठे दार उघडून दिले आहे. एरवी मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनाशिवाय पाहायलाही न मिळणारे नाणे त्याला घरी बसून घेता येते. त्याच दाराने ठकही आत येतात.

जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

या बाजारातल्या बहुतेक फसवणुकी एका समजुतीवर उभ्या आहेत: नाणे जेवढे जुने तेवढे महाग. प्रत्यक्षात नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. अशी नाणी किती शिल्लक आहेत, ती हवी असणारे किती आहेत आणि हातातले नाणे किती चांगल्या स्थितीत आहे. वय यात दुय्यम.

१८६२ साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया दीडशे वर्षांहून जुना असूनही भरपूर सापडतो. टांकसाळींनी १८७४ पर्यंत तेच साल घालून रुपये पाडले, हे त्याचे कारण. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया वयाने धाकटा, पण अतिशय दुर्मिळ. म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून ९ केलेली नाणी या बाजारात फिरतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट आणखी वेगळी. राजाच्या अंगावरच्या अलंकारातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पाडलेल्यांपैकी बराच मोठा साठा वितळवावा लागला. दुर्मिळपणा असा नाण्याच्या इतिहासातून येतो. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

तांब्याची शिवराई हे महाराष्ट्रातल्या संग्राहकांचे सर्वांत लाडके नाणे. १६७४ च्या राज्याभिषेकाशी तिचे नाव जोडलेले आहे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' अशी अक्षरे तिच्यावर असतात. पण याच धाटणीची शिवराई पुढे पेशवाईच्या काळातही पाडली जात राहिली. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया पुढच्या काळातल्या असतात आणि त्यांतली 'दुदांडी' नावाची शिवराई तर सामान्य संग्राहकाच्या खिशाला परवडणारी आहे. प्रत्येक शिवराई 'महाराजांच्या काळातली' म्हणून विकणारा एक तर अजाण असतो किंवा फार जाणता. सोन्याचा शिवराई होन मात्र खरोखर दुर्मिळ. त्याच्या सोनेरी मुलामा दिलेल्या प्रतिकृती आठवण म्हणून सर्रास विकल्या जातात आणि त्याच पुढे कुणीतरी 'वाड्यातून निघालेला होन' म्हणून खपवतो.

नव्या नाण्यांचे आणि नोटांचेही असेच. २०१२ साली निघालेली वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी, कमळ असलेले पिवळे २० पैसे, क्रमांकात ७८६ असलेल्या नोटा यांच्याभोवती लाखोंच्या अफवा फिरत असतात. २० पैशांच्या त्या नाण्यात सोने असल्याची वदंता जुनी आहे. ते तांब्याच्या पिवळ्या मिश्रधातूचे आहे. नोटेच्या क्रमांकातली चांदणीही दोषाची खूण नव्हे. छपाईत खराब झालेल्या नोटांच्या जागी घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ पासून लहान रकमेच्या नोटांत ही चांदणीची पद्धत आणली. संग्राहक अशा नोटा हौसेने ठेवतात, पण त्यामुळे दहाच्या नोटेचे दहा लाख होत नाहीत.

किंमत अजमावताना विक्रेत्यांनी मागितलेल्या रकमा पाहू नयेत, कारण मागायला कुणीही काहीही मागू शकतो. लिलावगृहे आपल्या जुन्या लिलावांच्या याद्या संकेतस्थळावर ठेवतात. प्रत्यक्ष विक्री ज्या रकमेला झाली ती तिथे दिसते आणि भाव म्हणून तीच धरावी.

लाखोंच्या जाहिराती

'तुमच्याकडे हे नाणे आहे का? पाच लाख मिळवा' अशी जाहिरात समाजमाध्यमांवर दिसते. खालच्या क्रमांकावर छायाचित्र पाठवले की लगेच कौतुक होते आणि पाच लाख मंजूर झाल्याचे कळवले जाते. त्यानंतर नोंदणी शुल्क म्हणून काहीशे रुपये मागतात. ते भरले की जीएसटी, मग 'ना हरकत प्रमाणपत्र', मग विमा, मग आयकर. प्रत्येक टप्प्यावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र किंवा नोटांच्या थप्प्यांचे चित्रण येते. भरलेले पैसे बुडतील या धास्तीने माणूस पुढचा हप्ता भरतो. नाणे शेवटपर्यंत त्याच्याच घरात राहते. ठकाला ते कधीच नको असते.

हा प्रकार इतका पसरला की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला प्रसिद्धिपत्रक काढावे लागले. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही आणि असे शुल्क घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले. तेव्हा जुन्या नाण्याच्या सौद्यात रिझर्व्ह बँकेचे नाव निघाले की तो सौदा तिथेच सोडावा.

याच कुळातले आणखी दोन प्रकार महाराष्ट्रात जुने आहेत. एक म्हणजे 'तांदूळ ओढणारे' नाणे किंवा भांडे. त्यात दैवी शक्ती किंवा इरिडियम धातू असल्याचे सांगून मोठ्या रकमा उकळल्या जातात. असा कोणताही धातू तांदूळ ओढत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी तांदळाच्या दाण्यांत लोखंडाचा कीस मिसळून खाली चुंबक लपवले की ही जादू साधते. याच धंद्यात 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे कोरलेले आणि राम-सीता किंवा हनुमान असलेले तांब्या-पितळेचे बिल्ले खपतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नव्हती. तिचे सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखे चलन १८३५ मध्ये सुरू झाले. दुसरा प्रकार म्हणजे 'खोदकामात सापडलेल्या सोन्याच्या गिन्न्या स्वस्तात'. नमुना म्हणून दिलेली पहिली गिन्नी खरी असते, सराफही ती खरी ठरवतो. पुढच्या पिशवीत मात्र पितळ निघते, किंवा पैसे घेऊन आलेल्या माणसाला आडरानात लुटले जाते. पूर्वी हे जाळे बाजारच्या दिवशी ओळख काढून टाकले जाई. आता ते समाजमाध्यमांवरच्या चित्रफितीतून टाकले जाते.

छायाचित्रावरून पारख

खरेदी करताना नाण्याच्या दोन्ही बाजू, कडा आणि मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे मागावीत. ती त्या विक्रेत्यानेच काढलेली आहेत याची खात्री हवी. त्यासाठी नाण्याशेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख लिहून पुन्हा छायाचित्र पाठवायला सांगणे पुरते. ज्याच्या हातात नाणे आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम. दुसरीकडून चित्र उचलणारा इथे अडकतो आणि सबबी सांगू लागतो.

वजन हा सर्वांत सोपा कस. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. 'रुपयाभार' हे माप त्यावरूनच आले. त्यात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा निघाला. हैदराबादचा चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि कमी कसाचा. वापराने झिजलेल्या नाण्याचे वजन थोडे घटते, पण दीड-दोन ग्रॅमचा फरक किंवा मूळ वजनाहून जास्त भरणारे नाणे संशयास्पद मानावे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा ही छांदिष्टाची पहिली खरेदी असावी.

नाणे हाती आल्यावर घरच्या घरी आणखी दोन चाचण्या होतात. चांदीला चुंबक खेचत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र खेचला जातो आणि तेच त्याच्या खरेपणाचे लक्षण आहे. दुसरी चाचणी घनतेची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा, नाणे दोऱ्याने पाण्यात तळाला न टेकता लोंबते धरावे आणि आलेल्या आकड्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास येते, कारण त्याने साधारण १.१३ ग्रॅम पाणी बाजूला सारलेले असते. तांब्या-पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर उत्तर ९ च्या खाली उतरते. सराफाच्या दगडाचे काम ही वाटी बऱ्याच अंशी करते.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही आहेत. ओतीव नकली नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि किनारीवर साच्याच्या जोडाची रेघ उरते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, तर कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. महाग नाणी परदेशी प्रमाणन कंपन्यांच्या बंद डबीत येतात. डब्याही नकली निघतात, म्हणून डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र जुळते का ते पाहावे.

पारख पुस्तकाने आणि डोळ्याने तयार होते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. अस्सल नाणी जवळून पाहिलेला डोळा छायाचित्रातली खोट लवकर पकडतो.

पैसे देताना, घेताना

यूपीआयचे एक सूत्र पाठ असले की निम्मे धोके टळतात: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. तरीही 'तुमचे पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' या वाक्याने विक्रेत्यांनाच सर्वाधिक फसवले आहे. बोलणारा बहुधा स्वतःला लष्करी जवान किंवा निमलष्करी दलाचा अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, भाव न करता वस्तू घ्यायला तयार होतो आणि बदलीची घाई सांगतो. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक हीच धोक्याची पहिली घंटा. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर कोडची युक्ती चालूच आहे.

पैसे आल्याची खात्री स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहूनच करावी. समोरच्याने दाखवलेले स्क्रीनचे चित्र किंवा आलेला एसएमएस बनावट असू शकतो. 'चुकून पाच हजारांऐवजी पन्नास हजार गेले, उरलेले परत करा' हा त्याचाच पुढचा डाव. कुणाच्याही सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल फोनमध्ये घेऊ नये.

आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. ठक तिसऱ्याच माणसाला फसवतो आणि त्याला पैसे थेट नाणे विकणाऱ्याच्या खात्यात भरायला लावतो. विक्रेता पैसे पोचले म्हणून नाणे पाठवून देतो. फसलेल्या माणसाची तक्रार गेली की पैशाचा माग काढून विक्रेत्याचेच खाते गोठवले जाते. यावर उपाय साधा आहे. ज्याच्याशी बोलणे झाले त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत, नाव वेगळे दिसले तर माल थांबवावा. सौद्याचे संभाषण, नाण्याचे छायाचित्र आणि पाठवणीची पावती जपून ठेवली तर बँकेला आणि पोलिसांना दाखवायला पुरावा हाताशी राहतो.

खरेदीदारासाठी शक्य तिथे बाजाराच्या स्वतःच्या पैसे भरण्याच्या सोयीतून व्यवहार करणे उत्तम, कारण माल पोचेपर्यंत पैसे मध्ये थांबतात. 'कमिशन वाचेल, बाहेर व्यवहार करू' असे म्हणणारा विक्रेता ते संरक्षणच काढून घेत असतो. पहिला सौदा लहान रकमेचा करावा. खरेदी-विक्री करणारा जालना, चिखली अशा जवळपासच्या गावचा असेल तर बँकेच्या आवारात किंवा भर बाजारातल्या ओळखीच्या पेढीवर दिवसाढवळ्या भेटावे. तिथे नाणे वाजवूनही पाहता येते.

विकताना आणि पाठवताना

विक्रीला काढण्याआधी नाणे चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. वर्षानुवर्षे चढलेला काळपट थर संग्राहकाला हवा असतो, घासलेल्या नाण्याची किंमत कायमची उतरते. वर्णनात वजन, व्यास, डाग, भोक, टाका असे सगळे नोंदवावे. पूर्वी दागिन्यात जडवलेल्या राणीछाप रुपयांना मागे टाक्याची खूण राहते. ती लपवली की माल परत येतो आणि नावही जाते. प्रतिकृती असेल तर 'प्रतिकृती' असेच लिहावे. संग्राहकांचे वर्तुळ लहान असते आणि त्यात पत हेच भांडवल.

न पाहिलेला माल टपालाने मागवणे आपल्याकडे नवे नाही. टपाल खात्याची व्ही.पी. म्हणजे मूल्यदेय टपाल १८७७ पासून सुरू झाले. माल दारात आल्यावर टपालवाल्याच्या हाती पैसे देण्याची ती रीत अनेक पिढ्यांनी पुस्तकांसाठी वापरली. तिची मर्यादा आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'लाही लागू आहे: पैसे दिल्यावरच पाकीट उघडता येते. म्हणून पाकीट फोडताना सलग चित्रण करावे. बंद पाकिटावरचा पत्ता आणि वजन दाखवून सुरुवात करावी आणि नाणे काट्यावर ठेवेपर्यंत कॅमेरा थांबवू नये. विक्रेत्यानेही भरतानाचे असेच चित्रण ठेवावे.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. मौल्यवान नाणे पाठवताना स्पीड पोस्टला नोंदणी आणि विमा जोडून घ्यावा. नाणी पाकिटात खुळखुळू देऊ नयेत. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटवावीत. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांत ठेवलेल्या नाण्यांवर कालांतराने हिरवट चिकट थर येतो, तेव्हा त्या टाळाव्यात. बाहेर 'जुनी नाणी' असे लिहू नये.

कायद्याच्या चौकटी

नाणी जमवणे पूर्णपणे कायदेशीर आहे. पाच ठिकाणी मात्र छांदिष्टाचा पाय नकळत घसरतो.

पहिले ठिकाण शेत. नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती न देता हंडा परस्पर विकल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सिंदखेड राजाच्या परिसरात, जिथे जुने वाडे आणि संरक्षित वास्तू आहेत, तिथे हा नियम विशेष ध्यानात ठेवायला हवा. 'शेतात सापडले' असे लिहून नाणे विकणारा आपल्याच गुन्ह्याची जाहिरात करत असतो.

दुसरे ठिकाण सीमा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि सामान्य माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून राणीछाप रुपया टपालाने धाडणेही यात बसते. अशा वस्तूंचा धंदा करायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो.

तिसरे ठिकाण नोटबंदीतल्या नोटा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा कुणालाही एकूण दहांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. ती ओलांडल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो.

चौथे ठिकाण चोरीचा माल. देवळातून किंवा घरातून चोरीला गेलेली नाणी इंटरनेटवर विकायला येतात. मालकी नसलेल्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याकडेही येत नाही; चोरीची आहे हे माहीत असून घेतली तर भारतीय न्याय संहितेखाली तो गुन्हाच. म्हणून महागड्या नाण्याबरोबर विक्रेत्याचे नाव, ओळख आणि नाणे कुठून आले याची लेखी टीप घ्यावी.

पाचवे ठिकाण ग्राहक म्हणून हक्क. २०२० चे ई-कॉमर्स नियम व्यावसायिक विक्रेत्यांना आणि बाजार चालवणाऱ्या कंपन्यांना लागू आहेत. नियमित धंदा न करणाऱ्या, वैयक्तिक म्हणून विकणाऱ्या माणसाला ते लागू नाहीत. दुकानदाराविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते. एका हौशी माणसाने दुसऱ्याकडून घेतलेल्या नाण्याच्या वादात मात्र तो मार्ग सहसा मिळत नाही आणि दिवाणी न्यायालय किंवा फसवणुकीची फिर्याद एवढेच उरते. छांदिष्टांच्या आपसांतल्या सौद्यात सावधगिरी जास्त लागते, ती यामुळे.

फसवणूक झालीच तर

लाज आणि उशीर हे दोन्ही ठकाचे साथीदार. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांतून फिरत आहेत तिथे ते रोखण्याची सूचना बँकांना जाते. रक्कम काढून घेतली जाण्याआधी हे झाले तरच ती वाचते, म्हणून इथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, आपल्या बँकेला कळवणे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद हा क्रम. त्या पोर्टलवर संशयित फोन क्रमांक किंवा यूपीआय आयडी आधी तपासण्याची सोयही आहे. सौदा ठरण्यापूर्वी ती वापरली तर पुढचे सगळे टळू शकते.

तक्रारीसोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, संभाषण, जाहिरातीचा दुवा आणि छायाचित्रे लागतात. घाबरून किंवा रागाने संभाषण पुसून टाकणारे स्वतःचाच पुरावा पुसतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाचा काहीच दोष नसलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर भार येत नाही. पण पिन किंवा ओटीपी त्यानेच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणून नंतर येणारे फोन हा त्याच फसवणुकीचा दुसरा अंक असतो. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

आजीच्या डब्यातल्या बहुतेक नाण्यांची बाजारातली किंमत चांदीच्या किंवा तांब्याच्या वजनापेक्षा फारशी वर जात नाही. ज्या थोड्या नाण्यांची जाते, ती ओळखायला अभ्यास लागतो. डबा विकायला काढण्याआधी त्यातले प्रत्येक नाणे एकदा काट्यावर ठेवावे, साले वाचून वहीत नोंदवावीत आणि मगच छायाचित्र काढावे. वस्तू विकणाऱ्याला पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. विकण्यासाठी आधी पैसे मागणारा कुणीही, कोणत्याही नावाने आला, तरी त्याचे नाणे खोटे आहे हे न वाजवताही समजावे.